नियाजभाईंचं अनुमोदन

सभा भरवणं ही पुण्यात फारशी अवघड गोष्ट नाही. शाळेचा एखादा हॉल मिळतो, सतरंज्या मिळतात, अध्यक्ष तर हव्या त्या वयाचे मिळतात. ठराव मांडायला माणसं रांग लावून उभी असतात, कारण ठराव मांडताना दोन शब्द बोलता येतात आणि पुण्यात दोन शब्दांना वेळेचं बंधन नसतं. अडतं ते अनुमोदकापाशी. अनुमोदकानं फक्त उठायचं, 'माझं अनुमोदन आहे' म्हणायचं आणि बसायचं. इतक्या थोडक्यात आटपणारं काम कसबा पेठेत कुणाला नको होतं. नियाजभाई मोमीन यांनी ते तरुणपणीच अंगावर घेतलं आणि मग ते त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नाही.

वाचनालयाची वार्षिक सभा असो, पतपेढीची असो, गणेश मंडळाची असो नाहीतर मशिदीच्या ट्रस्टची असो, ठराव वाचून झाला की हॉलमध्ये एक शांतता पसरायची. लोक एकमेकांकडे बघायचे, मग जमिनीकडे बघायचे, मग सगळे मिळून नियाजभाईंकडे बघायचे. तोवर नियाजभाईंचा हात वर गेलेला असायचा. मांडणाऱ्याचं तोंड पडलेलं त्यांना बघवत नसे. कुणाचाही असो, ठराव पडू द्यायचा नाही, असा त्यांचा एक साधा स्वभाव होता. स्वतः त्यांनी उभ्या आयुष्यात एकही ठराव मांडला नाही.

व्यवसाय बाइंडिंगचा. दुकान म्हणजे एक दार, पुस्तकं दाबायचा एक शिकंजा आणि खळीचा वास. पूर्वी व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधायचे, आता इंजिनीअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट बांधतात. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि आत काय आहे ते पोरानंही वाचलेलं नसतं.

विचारानं नियाजभाई डावे. ऐन विशीत लाल बावट्याच्या एका मोर्चात शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत. मोर्चा मात्र लहान होत गेला. पण त्यांनी एक गोष्ट नेमानं चालवली. दरवर्षी महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की त्याची प्रत मिळवायची, तिला कापडी पाठीचं पक्कं बाइंडिंग करायचं, आणि पेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या सफाई कामगारांच्या चाळीत जाऊन, अंगणात खुर्ची टाकून, ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. बायका तांदूळ निवडत ऐकायच्या. पोथी लावल्यासारखी ती बैठक चालायची. उड्डाणपुलांचा अध्याय आला की कुणीतरी जांभई द्यायचं, सुशोभीकरणाचा आला की हशा पिकायचा.

"पैसा आपला, शहर आपण झाडतो," नियाजभाई चष्म्यावरून बघत विचारायचे, "मग आपण कुठल्या पानावर?"

"पुढच्या वर्षीच्या," यमुनाबाई म्हणायच्या.

या यमुनाबाई म्हणजे चाळीच्या पुढारी. सासरे वाशीमकडून पोट भरायला पुण्यात आले आणि पालिकेत झाडूवर लागले. त्यांच्यानंतर त्याच कामावर यमुनाबाई लागल्या, आणि निवृत्त होईपर्यंत पेठेतला एकच रस्ता त्यांनी झाडला. आता तोच रस्ता त्यांची सून श्रद्धा झाडते. फरक इतकाच की सासूच्या हातातला झाडू पालिकेचा होता आणि सुनेच्या हातातला ठेकेदाराचा आहे. रस्ता तोच, कचरा तोच; सुनेला रजा नाही, पेन्शन नाही आणि चाळीतल्या खोलीवर हक्क नाही. चाळ पालिकेची. नोकरी संपली की खोली सोडा, असा नियम. निम्मी चाळ तो नियम मोडून जीव मुठीत धरून राहत होती, आणि चाळही तशीच उभी होती. शहर झाडणाऱ्यांची ती चाळ, पण तिकडे झाडू मारायला पालिकेनं कधी कुणाला पाठवलं नाही.

चाळीला लागून जुनं जकात गोदाम आहे. जकात गेली, गोदाम राहिलं. आत कबुतरं आणि अतिक्रमण विभागानं उचलून आणलेल्या हातगाड्या. ही जागा कामगारांच्या नव्या घरांसाठी राखून ठेवावी म्हणून नियाजभाई आणि यमुनाबाईंनी बरीच वर्षं मोर्चे काढले, निवेदनं दिली, पालिकेच्या दारात बसून भजी खाल्ली. शेवटी विकास आराखड्यात त्या जागेवर तसं आरक्षण पडलं. माणसं कायमची असोत, ठेक्यावरची असोत, चाळीतल्या सगळ्यांना तिथं परवडणाऱ्या भाड्यानं घर मिळायचं होतं. कागदावर का होईना, चाळ पहिल्यांदाच एका पानावर आली होती. त्या वर्षीचं अंदाजपत्रक नियाजभाईंनी लाल कापडात बांधलं.

आणि ती जागा घालवायला पहिला हात वर झाला तो नियाजभाईंचा.

झालं ते असं. त्या काळात पालिकेत नगरसेवकच नव्हते. मुदत संपलेली, निवडणूक पुढं पुढं चाललेली, कारभार प्रशासकांकडे. नगरसेवक नाहीत तर लोकांचं म्हणणं कोण सांगणार, असा प्रश्न निघाला आणि माजी नगरसेवक दत्तप्रसादभाऊंनी तो सोडवायला घेतला. भाऊ माणूस गोड. त्यांच्या फ्लेक्सवर 'माजी' हा शब्द इतक्या बारीक अक्षरात असे की तो छापखान्याची चूक वाटावी. त्यांनी 'जागरूक नागरिकांची सभा' बोलावली. लोकांनीच ठराव करायचे आणि पालिकेला पाठवायचे. सभेच्या आधी स्वतः दुकानात आले.

"नियाजभाई, या पेठेतला एक ठराव तुम्ही पडू दिला नाहीत," ते स्टुलावर बसत म्हणाले. "तुमचा अजून सत्कार नाही, हे आम्हाला शोभत नाही."

नियाजभाईंनी नको नको म्हटलं. पण त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं त्याला नकार म्हणत नाहीत.

"आयुष्यभर हात वर केला त्याचा सत्कार?" कमरजहां घरी म्हणाली. "आमच्या शाळेत हात वर केला की फळा पुसायला लावायचे."

कमरजहां त्यांची बायको. घरातलं बोलणं एरवी दख्खनीत चाले. पण कुणाला टोचायचं असलं की ती मराठीवर येई, कारण तिचं म्हणणं, लाडाला आपली बोली बरी, पण अपमानाला पुणेरी मराठीसारखी सोय नाही. 'अहो आपण' असा शब्द कानावर पडला की नियाजभाई सावध होत.

सभा संध्याकाळी ठेवली होती, चाळीत पाणी येण्याच्या वेळेला. त्यामुळे चाळीतलं कुणी आलं नाही. ही वेळ आपोआप जमली असं भाऊ पुढं म्हणाले. पुण्यात पुष्कळ गोष्टी आपोआप जमतात.

सुरुवातीला सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पुणेरी पगडी. पगडी नियाजभाईंच्या डोक्याला मोठी होती. ती पुढं घसरून भुवयांवर येऊन बसली. टाळ्या इतक्या झाल्या की त्यांचे डोळे भरून आले. आजवर त्यांनी दुसऱ्यांच्या सत्काराला अनुमोदन दिलं होतं. आपण व्यासपीठावर बसलो की समोरची माणसं किती प्रेमळ दिसतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग ठराव सुरू झाले. कुत्र्यांचा बंदोबस्त. अनुमोदन, नियाजभाई. पथदिवे. अनुमोदन, नियाजभाई. पगडी सावरत ते उठत, लोक कौतुकानं हसत. असे चार-पाच झाले. मग एका शिक्षकांनी, ज्यांचा आवाज शाळेच्या मैदानापर्यंत पोचे, पुढचा ठराव वाचला. जुन्या जकात गोदामाच्या जागेवरचं आरक्षण बदलून तिथं खासगी भागीदारीत बहुमजली वाहनतळ बांधावा, आणि शेजारच्या धोकादायक चाळीतल्या कुटुंबांचं वाघोलीला पुनर्वसन करावं.

नियाजभाईंनी तो ऐकला. हे इथंच सांगितलेलं बरं. शब्द न् शब्द ऐकला.  'खासगी भागीदारी' म्हणजे काय हे त्यांनीच चाळीत समजावून सांगितलं होतं: यात लोकांनी जागा घालायची, ठेकेदारानं पैसे काढायचे आणि आपण तिकीट घेऊन आपल्याच जागेत उभं राहायचं. गाडीला पेठेत छप्पर आणि माणसाला वाघोली.

पण हॉलमध्ये ती नेहमीची शांतता पसरली होती. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मागून कुणीतरी प्रेमानं म्हणालं, "चला नियाजभाई, तुमचाच नंबर." भाऊ हसून मान डोलवत होते. शाल अंगावर होती, तिची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. नियाजभाईंच्या मनात आलं, आत्ता हात वर केला नाही तर हे काय म्हणतील, शाल घेतली आणि उलटला. नंतर बघू, नंतर भाऊंना एकटं गाठून बोलू, ठराव काय, कागदच तर आहे. आणि हात वर गेला. हात त्यांचाच होता, त्याबद्दल वाद नाही.

घरी आले तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचली होती. कमरजहांनं शाल बघितली, पगडी बघितली.

"अहो, आपण दमला असाल. अनुमोदन देऊन आलात," ती म्हणाली. "जेवणाला आपलं अनुमोदन आहे का?"

नियाजभाईंनी पगडी कोनाड्यात ठेवली.

"वाघोली कुठं आलं माहीत आहे ना आपल्याला? आपल्या मुलाकडे, जुनेदकडे जातो आपण. टँकर आला की त्याच्या सोसायटीतली माणसं व्याही आल्यासारखी खाली धावतात. त्याला निदान खराडीला ऑफिस आहे, दहाला गेला तरी चालतं. श्रद्धाला पहाटे पेठेत झाडू घेऊन उभं राहायचंय. तिला कुठली बस आहे त्या वेळी?"

"नव्हती लक्षात आली गोष्ट," नियाजभाई पुटपुटले.

कमरजहांनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि भाकरी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला लक्षात काय येतं आणि काय येत नाही, याचा तिचा अंदाज चुकत नसे.

दोन दिवसांनी चौकात फ्लेक्स लागला. 'वाहनतळासाठी पेठ एकमुखी.' मधोमध भाऊ, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून शाल-पगडीतले नियाजभाई, हात जोडून हसताना. खाली 'अनुमोदक: ज्येष्ठ कामगार नेते, चाळीचे आधारस्तंभ.' फ्लेक्स चाळीच्या दाराच्या बरोबर समोर होता. नियाजभाईंना दुकानात जायला तो एकच रस्ता. ते छत्री उघडून जाऊ लागले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. फ्लेक्सवरचा नियाजभाई मात्र छत्रीतल्या नियाजभाईकडे बघून दिवसभर हसत राही.

यमुनाबाई दुकानात आल्या त्या दिवशी नियाजभाई एका पोराच्या रिपोर्टला खळ लावत होते. ब्रश हातातच राहिला.

"भाई, तो फोटो तुमचाच ना? पगडीत ओळखू येईना," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसतं विचारत होत्या, आणि उत्तर चांगलं यावं अशी त्यांच्या चेहऱ्यावर सरळ इच्छा दिसत होती.

"पगडी मोठी होती," नियाजभाई म्हणाले. "कानावर आली होती, बाई. नीट ऐकूच आलं नाही. मला वाटलं, पथदिव्यांचंच काहीतरी आहे."

यमुनाबाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"मी म्हटलंच," त्या म्हणाल्या. "श्रद्धा म्हणत होती, भाई फिरले. मी म्हटलं, गप्प बस, त्या माणसानं आपल्याला बजेट वाचायला शिकवलं. तो कशाला फिरेल?" आणि जाताना दारातून वळून, जरा मोठ्यानं म्हणाल्या, "भाई, कान दाखवून घ्या. वय झालं आता."

खोटं बोलल्यावर काय होतं, याचा नियाजभाईंना अनुभव कमी होता. त्यांना वाटलं होतं, यमुनाबाई उलटतपासणी घेतील, शिव्या घालतील, निदान शंका तरी घेतील. इतक्या सहज विश्वास ठेवतील असं वाटलं नव्हतं. ब्रशवरची खळ रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठिबकली, आणि पोराच्या गाईडचं नाव त्यात कायमचं बुडालं.

मग सुरू झाली त्याहून मोठी शिक्षा. यमुनाबाईंनी चाळीत सगळ्यांना सांगितलं, आणि चाळ नियाजभाईंशी मोठ्यानं बोलू लागली. "भाई, चहा घेणार का?" असं गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. शेजारच्या खोलीतल्या आनंदीबाई तर तोंडासमोर येऊन, ओठ रुंद करून, एकेक अक्षर सुटं करून बोलत. पोरांना दटावलं जाई, 'आजोबांना ऐकू येत नाही, हळू बोलू नका.' कुणी चिडलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सगळी चाळ त्यांच्या कानांची काळजी घेत होती, आणि ते कान एकेक शब्द चोख ऐकत होते.

एकदा आनंदीबाई भर रस्त्यात त्यांच्याशी ओरडून बोलत असताना कमरजहां सोबत होती. 

"कान कधीपासून गेले?" तिनं दारात चपला काढत विचारलं.

"सभेपासून."

"सोयीचे आहेत," ती म्हणाली आणि आत गेली. यावेळी ती दख्खनीतच बोलली होती. ते जास्त लागलं.

आरक्षण बदलायचं तर आधी लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. सुनावणी क्षेत्रीय कार्यालयात होती. अधिकारी म्हणून कल्याणी मॅडम आल्या होत्या. तरुण, सर्दीनं बेजार, आणि आवाज न चढवता माणसाला खाली बसवण्याची कला अवगत असलेल्या. एका बाजूला भाऊ आणि त्यांची जागरूक माणसं. दुसऱ्या बाजूला चाळ, कामावरून तशीच आलेली, कुणी ठेकेदाराच्या हिरव्या जाकिटात. नियाजभाई मधल्या ओळीत, कुठल्याच बाजूला न दिसणाऱ्या खुर्चीवर.

यमुनाबाई बोलल्या. छान बोलल्या. "आम्हाला फुकट नको, मॅडम. भाडं आम्ही आधीपासून भरतोय, पगारातून कापून जायचं. गाड्यांना जागा पाहिजे ते खरं. पण गाडी वाघोलीहून इथं येऊ शकते. माझ्या सुनेला यायला पहाटे बस नाही. मग गाडीलाच तिकडं ठेवा की."

चाळ हसली, भाऊंच्या बाजूचेही दोघं हसले. मग भाऊ उठले.

"मॅडम, बाईंच्या भावनांचा मी आदर करतो," ते म्हणाले. "पण हा ठराव लोकांचा आहे. आणि चाळीचा विरोध म्हणावा, तर याला अनुमोदन चाळीच्याच नेत्यांचं आहे. ते इथंच बसलेत."

सगळ्या माना वळल्या. नियाजभाई उठायच्या आत यमुनाबाई उभ्या राहिल्या.

"त्यांना मध्ये घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांना ऐकू आलं नव्हतं, मॅडम. पगडी कानावर आली होती. मी स्वतः विचारलंय त्यांना. तो माणूस आमच्याविरुद्ध हात वर करणार नाही. पाहिजे तर माझ्या गळ्याची शपथ घेते."

हॉलमध्ये खसखस पिकली. कल्याणी मॅडमनी रुमाल नाकाला लावला आणि वाकून, आवाज चढवून विचारलं, "काका, आपल्याला ऐकू येतं का?"

नियाजभाई उभे राहिले.

"तसं असेल तर तसं लिहून द्या," मॅडम आणखी मोठ्यानं म्हणाल्या. "अनुमोदन गैरसमजातून झालं, अशी नोंद करते. म्हणजे ते धरलं जाणार नाही."

किती सोपं होतं. मान हलवायची. वर केलेला हात आपोआप खाली येणार होता. चाळ सुटणार, शाल राहणार, कान तेवढे जाणार. यमुनाबाई त्यांच्याकडे बघून हातानं खूण करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा; बहिऱ्या माणसाला करतात तशी खूण. ती खूण बघवेना. स्वतःचं खोटं त्यांनी कसंबसं पोटात ठेवलं असतं. पण ते या बाईच्या तोंडून, तिच्या गळ्याच्या शपथेसह, भर हॉलमध्ये ऐकल्यावर त्यांना आपली मान हलवता येईना.

"मॅडम, हळू बोललात तरी चालेल," ते म्हणाले. "मला ऐकू येतं."

यमुनाबाईंचा हात तसाच राहिला.

"पगडी डोळ्यांवर आली होती. कान मोकळे होते. ठराव मी ऐकला, मला समजला, आणि मी हात वर केला. नुकतीच शाल मिळाली होती. लोक हसून बघत होते. मला नाही म्हणायला लाज वाटली." त्यांनी यमुनाबाईंकडे हात केला. "बाईंना मी खोटं सांगितलं. त्या खरं समजून बोलल्या. त्यांचा दोष नाही."

भाऊ शेजाऱ्याच्या कानात काही म्हणाले. मॅडमनी लिहिणं थांबवलं.

"म्हणजे आपलं अनुमोदन कायम आहे?"

"माझ्या अनुमोदनाला काही अर्थ नाही, हे सांगतोय. भाऊ म्हणतात, चाळीचं अनुमोदन आहे. मी चाळीत राहत नाही, मॅडम. कधीच राहिलो नाही. गोदामापलीकडे माझं दोन खोल्यांचं पक्कं घर आहे, वडिलांनी घेतलेलं. मी फक्त चाळीच्या वतीनं बोलत आलो. सवय झाली होती." मग ते भाऊंकडे वळले. "सभा पाण्याच्या वेळेला होती. चाळीतलं एकही माणूस तिथं नव्हतं. मी व्यासपीठावरून बघत होतो. तेही मला दिसलं होतं."

"चाळीतून कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

कल्याणी मॅडमनी भाऊंकडे पाहिलं आणि सभेच्या हजेरीचा कागद मागितला. भाऊंनी तो नंतर पाठवतो म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "नंतर नको, मला आजच्या नोंदीत पाहिजे," आणि शिंकल्या. हजेरीत चाळीतलं नाव सापडलं नाही. ज्या कुटुंबांना हलवायचं त्यांनाच विचारलेलं नाही, असा शेरा पडला. त्यावर निर्णय वर, पालिकेच्या मुख्य इमारतीत व्हायचा होता. चाळीनं उद्या सकाळी तिथं येऊन आपलं म्हणणं मांडावं, असं ठरलं.

नियाजभाई बाहेर आले तर जिन्यात चाळ उभी होती. कुणी त्यांच्याशी मोठ्यानं बोललं नाही. हळूही बोललं नाही. श्रद्धा तोंड फिरवून उभी राहिली. आनंदीबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना बहुधा कुठल्या आवाजात बोलावं ते कळेना.

"बाई," नियाजभाई म्हणाले.

"थांबा," यमुनाबाई म्हणाल्या. पदरानं तोंड पुसून त्यांनी तो खोचला. "हात वर केलात त्याचं एक वेळ सोडा. माणसाला मान मिळाला की हात आपोआप वर जातो, आमच्या घरातही झालंय. पण मी दारोदार सांगत फिरले, भाईंना ऐकू येत नाही. सुनेला गप्प बसवलं. लोकांनी तुमच्यासाठी आवाज चढवला. तुम्ही ऐकत राहिलात."

"हो."

"मजा वाटली असेल."

"नाही, बाई."

"मला वाटली असती," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हणून विचारलं." त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "उद्या मुख्य इमारतीत यायचंय सगळ्यांनी. तुम्ही पण या. बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"आणि पुढं बसायचं नाही."

रात्री नियाजभाई जेवले नाहीत म्हणून कमरजहांही जेवली नाही, आणि दोघंही उपाशी असल्याचा दोघांनीही उल्लेख केला नाही. सकाळी ती न विचारता चप्पल घालून तयार होती.

मुख्य इमारतीत सुरक्षा रक्षकानं साहेबांच्या खोलीत फक्त पाचच जणांना सोडलं, तेही हातात काही न घेता. यमुनाबाईंनी पाच नावं घेतली, त्यात श्रद्धाचं होतं, आनंदीबाईंचं होतं. कमरजहांचंही होतं.

"मी कशाला? मी तर चाळीतली नाही," कमरजहां म्हणाली.

"तुम्ही या," यमुनाबाई म्हणाल्या. "तुम्हाला टोचून बोलता येतं. साहेबांशी लागतं ते." आणि हातातली पिशवी नियाजभाईंच्या हातात दिली.

मग बाकीच्या चौघींनीही दिल्या. बाहेर थांबलेल्या बायकांनी पण दिल्या, त्यांना जरा पाय मोकळे करायचे होते. नियाजभाई व्हरांड्यातल्या बाकावर पिशव्या मांडीवर, पायांशी, बाजूला घेऊन बसले. एकीत डबा होता, एकीत झाडूच्या कामाचे हातमोजे. या व्हरांड्यात ते अनेकदा आले होते, शिष्टमंडळाच्या पुढे चालत. आतल्या खोलीचं दार, दारावरची पाटी, पाटीखालचा शिपाई, सगळं ओळखीचं होतं. शिपायानं मान डोलावली. नियाजभाईंनी पिशवी सारखी केली.

आत वेळ लागत होता. मध्येच कमरजहांचा आवाज दारातून बाहेर आला, शुद्ध पुणेरी, "अहो साहेब, आपण वाघोलीला कधी गेला आहात का, उद्घाटनाला नव्हे, राहायला?" मग आत कुणीतरी खुर्ची सरकवली.

दुसरा एक रक्षक फेरी मारत आला. इतक्या पिशव्या घेऊन बसलेला म्हातारा बघून थांबला.

"काका, आपण त्या आत गेलेल्या बायकांबरोबर?"

"हो."

"त्यांचे कोण तुम्ही? नेते का?"

 या प्रश्नाला नियाजभाईंकडे इतकी वर्षं एक पाठ उत्तर होतं.

"नाही," ते म्हणाले. "पिशव्या माझ्याकडे आहेत."

दार उघडलं. पाचही जणी बाहेर आल्या. यमुनाबाईंनी कुणाकडे न बघता सांगितलं की वाहनतळाचं प्रकरण परत पाठवलंय, चाळीत येऊन चाळीचं म्हणणं घेतल्याशिवाय जागेला हात लावणार नाहीत. चाळीत नळ कधी येतो तेही साहेबांनी लिहून घेतलं. म्हणजे घरं मिळाली असं नाही, जागा गेली असंही नाही. पुन्हा यावं लागणार, बरेचदा यावं लागणार. बायका भरभर बोलू लागल्या, चहाला कुठं जायचं ते ठरू लागलं. श्रद्धानं आपली पिशवी नियाजभाईंच्या मांडीवरून उचलली, आतले हातमोजे बघितले आणि त्यांच्याकडे न बघता निघून गेली.

यमुनाबाईंनी आपली पिशवी शेवटी घेतली.

"पुढच्या मंगळवारी परत आहे," त्या म्हणाल्या. "पिशव्या असतीलच."

"येईन," नियाजभाई म्हणाले.

कमरजहां पुढे निघाली होती. नियाजभाई बाकावरून उठले आणि घोळक्यापासून चार पावलं मागे, सगळ्यांचा चहा ठरेपर्यंत, उभे राहिले.